वीणेच्या चित्रातलं जवस

भंडारा-गोंदियाकडे धान कापायला यायच्या थोडं आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळी नाहीतर जवस फेकून देतात. वेगळी नांगरणी नाही, वेगळं पाणी नाही. धान निघालं की त्याच ओलीवर ते वाढतं आणि थंडीत त्याला निळी फुलं येतात. सकाळी उमलतात, दुपारपर्यंत पाकळ्या गळूनही जातात. घरची चटणी, थोडं घाणीचं तेल, उरलं तर बाजार, एवढंच आता जवसाचं काम उरलंय. सोयाबीन आणि हरभऱ्यापुढे त्याला फारसं कोणी विचारत नाही.

मला मात्र जवसाचं शेत दिसलं की चित्रं आठवतात. तैलचित्रात रंग धरून ठेवणारं तेल असतं ते मुख्यतः हेच. आणि शाळेच्या ऑफिसात, भजनी मंडळाच्या खोलीत, कुणाच्या देवघरात वीणा घेतलेली जी सरस्वती टांगलेली असते, तिचं मूळ अशाच एका तैलचित्रात आहे. एका गावात भजनी मंडळाच्या काकूंनी त्या फ्रेमकडे बोट दाखवून मला विचारलं होतं, ‘सर, हे हातानं काढलं हाये का छापलं हाये?’ मी म्हटलं, छापलेलं. ‘मंग खरं कुठं हाये?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर तेल कसं सुकतं, रंगात उजेड कसा शिरतो, दगडावरून चित्र कसं छापतात आणि बाईच्या हातात वाद्य दाखवणं त्या काळी काय होतं, हे सगळं सांगावं लागतं.

आधी चित्रकाराबद्दल

राजा रविवर्मा यांचा जन्म 1848 चा, केरळातल्या किळिमानूरचा. लहान वयातच ते तिरुवनंतपुरमच्या, म्हणजे त्रावणकोर संस्थानाच्या, दरबारात आले. तेलरंग तेव्हा आपल्याकडे नवे होते आणि ते वापरता येणारे लोक विद्या सहजासहजी देत नसत. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला. त्याने या तरुणाला आपलं काम बघू दिलं, शिकवलं मात्र नाही. रविवर्मा बघून बघून, करून करून शिकले. 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं. ते चित्र केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीचं होतं.

वाद्य घेतलेली बाई हा विषय त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. त्यातलं एक चित्र 1889 चं, आज मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. वेगवेगळ्या प्रांतांच्या वेशातल्या अकरा बायका त्यात एकत्र बसल्या-उभ्या आहेत, आणि त्यांतली एक नायर बाई वीणा घेऊन बसली आहे. दुसरं म्हणजे सरस्वती. तिच्यावर साधारणपणे 1896 हे साल दिलं जातं आणि ती बडोद्याच्या गायकवाडांच्या संग्रहात आहे. काकूंच्या ‘खरं कुठं हाये’चं उत्तर हे.

ही सरस्वती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पांढरी साडी, जरीचा काठ, खडकावर बसलेली, मागे पाणी आणि झाडी, बाजूला मोर. चार हात, त्यांतले दोन वीणेवर, एकात माळ, एकात पोथी. एकदा हे करून बघा: माळेचा आणि पोथीचा हात बोटाने झाका. उरते ती मोकळ्या जागी वीणा वाजवत बसलेली एक साधी बाई. तिच्या मांडीवर वाद्याचं वजन आलंय, साडीला मांडीपाशी ओढ बसलीय, चेहऱ्याच्या एका बाजूला उजेड आहे आणि दुसरीकडे सावली. देवीला असं वजन आणि अशी सावली आपल्या जुन्या पोथीचित्रांत नव्हती. तिथे रंग सपाट असे, कडा रेघेने ठरलेली असे. ती पद्धत कमी प्रतीची नव्हती, वेगळी होती. पण हाताला लागेल असं लाकूड, अंगावर येईल असा कपडा दाखवायचा तर तेलरंग लागतात, आणि त्याचं कारण तेलाच्या स्वभावात आहे.

तेल सुकतं म्हणजे काय होतं

पाण्याचा रंग सुकतो तेव्हा पाणी उडून जातं आणि रंगाची भुकटी मागे राहते. जवसाचं तेल असं उडत नाही. ते जागच्या जागी राहून घट्ट होतं.

तेलाचे रेणू लांबट असतात. त्यांत कार्बनचे काही अणू एकमेकांना दुहेरी बंधाने जोडलेले असतात. हवेतला ऑक्सिजन या दुहेरी बंधांच्या आसपास येऊन जोडला जातो, आणि तिथून एक रेणू शेजारच्या रेणूशी बांधला जातो. असं होत होत सगळ्या थराचं एकच जाळं तयार होतं. पातळ तेलाची चिवट कातडी बनते. ती पुन्हा पातळ होत नाही. गंमत म्हणजे या काळात तेलाचं वजन कमी न होता वाढतं, कारण बाहेरून ऑक्सिजन आत आलेला असतो.

जितके दुहेरी बंध जास्त, तितकं तेल लवकर आणि नीट सुकतं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, ज्याच्या प्रत्येक रेणूत असे तीन दुहेरी बंध असतात. डॉक्टर ज्याला ओमेगा-3 म्हणतात आणि हृदयासाठी जवस खा असं सांगतात, ते हेच. म्हणजे जो घटक खाण्यासाठी चांगला, तोच चित्राला दीडशे वर्षं धरून ठेवतो. आणि जवसाचं तेल बाटलीत लवकर खवट होतं, झाकणाच्या आट्यांवर पिवळी चिकट खपली धरते, तेही त्याच कारणाने. आपल्या घरात ज्याला आपण तेल बिघडलं म्हणतो, ती चित्रकारासाठी कामाची सुरुवात असते.

शाळेतल्या मुलांना हे दाखवायचं असेल तर प्रयोग सोपा आहे. काचेच्या तुकड्यावर एका कडेला घाणीच्या जवस तेलाचा पातळ हात फिरवा, दुसऱ्या कडेला शेंगदाणा तेलाचा. धूळ बसणार नाही पण उजेड आणि हवा लागेल अशा ठिकाणी काच ठेवा. काही दिवसांनी बोट लावून बघा. जवस आधी चिकट होईल, मग त्यावर पापुद्रा धरेल. शेंगदाणा तेल तसंच ओलं राहील. करडीचं तेल लावलंत तर ते जवसाच्या मागोमाग येईल, सरकी आणि तीळ मध्ये कुठेतरी रेंगाळतील. एक काळजी मात्र घ्या. जवस तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना उष्णता निघते आणि गोळ्यात ती अडकली तर चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

हे सुकणं सावकाश आहे, आणि चित्रकाराला तेच हवं असतं. शाळेत मुलं पोस्टर कलर वापरतात, तो पाच-दहा मिनिटांत सुकतो. गालावरचा उजेड सावलीत हळूहळू उतरवायचा तर तेवढ्या वेळात जमत नाही, मधे कड राहून जाते. तेलरंग कित्येक तास, कधी दिवसभर, ओला राहतो. कोरड्या मऊ ब्रशने दोन रंगांमधली कड पुसत पुसत घालवता येते. वीणेच्या गोल भोपळ्याचा फुगीरपणा असाच येतो: एका बाजूला फिकट, मग मध्यम तपकिरी, मग गडद, आणि कुठे काय संपलं ते सांगता येत नाही. हात लावल्यावर रंग बोटाला लागत नाही ही अवस्था काही दिवसांत येते, पण आतून थर पूर्ण घट्ट व्हायला महिने, जाड थराला वर्षंही लागतात. म्हणून वरचं वॉर्निश देण्याआधी चित्र सहा महिने ते वर्षभर तसंच ठेवायची रीत आहे.

यातूनच तेलरंगाचा सगळ्यात जुना नियम आला: खाली कमी तेल, वर जास्त तेल. खालच्या थरात तेल भरपूर आणि वर कोरडा रंग दिला तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा नंतर हलत राहतो, आणि वरच्याला भेगा पडतात. जुन्या चित्रांवर रुंद, तोंड वासलेल्या भेगा दिसल्या तर बहुतेक वेळा चित्रकाराची ही घाई नडलेली असते. बारीक जाळीसारख्या भेगा वेगळ्या. त्या वयाने येतात.

रंगात उजेड कसा शिरतो

उन्हाळ्यात वखरलेलं काळं रान राखाडी दिसतं. पहिला पाऊस पडला की तीच माती काळीभोर होते. माती बदललेली नसते. कोरड्या ढेकळात मातीच्या कणांमध्ये हवा असते. उजेड प्रत्येक कणावर आदळून चहूकडे विखुरतो आणि रंग फिका पडतो. पाणी शिरलं की कण आणि त्यांच्यामधली जागा यांच्यातला फरक कमी होतो, उजेड कमी विखुरतो, खोलवर जातो आणि रंग गडद होतो. तेलरंगात हेच होतं, पण पाण्यापेक्षा जास्त जोराने आणि कायमचं, कारण तेल उडून जात नाही. सुकलेला तेलरंग कायम ओल्या मातीसारखा दिसत राहतो.

खडूची भुकटी जवसाच्या तेलात घोटून बघा. पांढराशुभ्र खडू मळकट, अर्धवट पारदर्शक होऊन जातो, कारण उजेड वाकवण्याची ताकद खडूत आणि तेलात जवळजवळ सारखी आहे. म्हणून तेलात टिकणारा पांढरा हा चित्रकारांचा मोठा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकात तो मुख्यतः शिशापासून केलेल्या पांढऱ्याने सुटला. तो घट्ट झाकतो, लवकर सुकतो आणि विषारी आहे. जस्ताचा पांढराही तेव्हा आला होता. आज आपण घराच्या भिंतीला ज्याने रंग देतो तो टिटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला.

दुसरीकडे, काही रंग तेलात पारदर्शक होतात हीच सोय. फिक्या, सुकलेल्या थरावर अशा रंगाचा पातळ हात दिला की उजेड त्यातून आरपार जातो, खालच्या थरावर आपटून परत येतो आणि येताना रंग घेऊन येतो. अंगाची कांती अशी केली तर ती आतून उजळल्यासारखी दिसते. फोटोत ही गोष्ट उतरत नाही. छापील प्रतीत तर नाहीच.

आता सरस्वतीच्या साडीकडे या. पांढरी साडी म्हणून आपण बघतो, पण शुद्ध पांढरा तिथे अगदी थोड्या जागी असतो, घडीच्या माथ्यावर. उतारावर पिवळसर, सावलीत निळसर राखाडी, दोन चुण्यांच्या मधे तर चक्क तपकिरी. पांढरा कपडा पांढऱ्या रंगाने रंगवला तर तो कागद चिकटवल्यासारखा दिसेल. जरीचंही तसंच. त्यात सोनं लागत नाही. गेरूच्या जातीचा पिवळा, त्याखाली गडद तपकिरी आणि जिथे चमक हवी तिथे जाडसर फिक्या पिवळ्याचा एकेक ठिपका. हा ठिपका कापडावरून खरोखर वर उचललेला असतो, त्यामुळे खोलीतला उजेडही त्यावर पडतो. आणि वीणेच्या तारा. नवखा चित्रकार तार एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढून काढतो. सराईत हात ती मधेच सोडून देतो. जिथे उजेड लागतो तिथेच बारीक फिकी रेघ, पुढे नाहीशी, पुन्हा थोडी. डोळा तार स्वतःच पूर्ण करतो. माझ्या मते एखाद्याला चित्र रंगवता येतं का हे बघायचं असेल तर चेहरा बघू नये, तार बघावी.

कापड, ट्यूब आणि आगगाडी

तैलचित्राचं चांगलं कापड लिननचं असतं. लिनन जवसाच्याच झाडाच्या देठातल्या धाग्याचं. जात एकच, आपल्याकडे बी हवं म्हणून बुटकं, फांद्या फुटणारं झाड पेरतात, युरोपात धाग्यासाठी दाट पेरून उंच, सरळ वाढवतात. म्हणजे खाली देठ आणि वर बी, असं एकाच झाडाच्या दोन भागांवर चित्र उभं राहतं. पण त्यांचं आपसांत पटत नाही. सुकणारं तेल कापडाचा धागा कुजवतं. म्हणून आधी कापडावर सरसाचा हात देतात, मग पांढरा अस्तराचा थर, आणि त्यावर चित्र.

रंग पूर्वी चित्रकाराच्या घरी घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची दाबता येणारी ट्यूब काढली आणि तयार रंग जगभर जाऊ लागले. त्रावणकोरच्या दरबारात बसून तेलरंगात काम करता आलं ते त्यामुळेच.

उलट्या दिशेने आपलं जवस जात होतं. 1867 मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली. त्यानंतर मध्य प्रांतातून जवस मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरात आणि तिथून युरोपात जाऊ लागलं. तिथे त्याचं तेल निघे, रंगात आणि वॉर्निशात जाई. ज्या काळात आपल्या बांधीतलं बी जहाजात चढत होतं, त्याच काळात रविवर्मा वीणेची बाई रंगवत होते. ही गोष्ट इतिहासाच्या धड्यात यायला हवी. आपण कापसाबद्दल शिकवतो, जवसाबद्दल कधीच नाही.

बाईच्या हातात वाद्य

वीणा म्हटलं की आपल्या गावात डोळ्यांपुढे सप्ताहातला विणेकरी येतो. पहारा बदलेपर्यंत गळ्यात वीणा घेऊन उभा. ती वीणा सूर धरून ठेवण्यासाठी असते. तिच्यावर पडदे नसतात. दक्षिणेतली वीणा वेगळी. फणसाच्या लाकडाची, मेणात बसवलेले चोवीस पडदे, चार मुख्य तारा आणि तालासाठी तीन. तिच्यावर अख्खा राग वाजतो. बसून, मांडीवर आडवी धरून वाजवायची. चित्रकाराच्या दृष्टीने हे वाद्य फार उपयोगी, कारण ते बसलेल्या बाईच्या अंगासमोर एक लांब तिरकी रेघ टाकतं आणि दोन्ही हातांना काम देतं. रिकामे हात रंगवणं कठीण असतं हे कोणीही चित्रकार सांगेल.

पण त्या काळात ते नुसतं सोयीचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात देशाच्या बऱ्याच भागांत चारचौघांत गाणं-वाजवणं हे कलावंतीण, तवायफ, देवदासी यांचं काम मानलं जाई. त्यांच्याकडे विद्या होती, मान मात्र अर्धवट. ‘चांगल्या घरच्या’ बाईने लोकांसमोर तंबोरा घेऊन बसायचं नाही, असा महाराष्ट्रातला रिवाज. केरळातल्या मोठ्या घराण्यांत मुली वीणा शिकत; रविवर्म्यांच्या डोळ्यांसमोर ते होतं. त्यांनी वीणा घेतलेली बाई प्रतिष्ठेने बसवली, आणि सरस्वतीच्या चित्रातून तीच बाई हजारो घरांत पोचली. चित्रांसाठी समोर बसायला तेव्हा घरंदाज बायका तयार नसत. मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर त्यांच्या चित्रांसाठी बसल्याचं नोंदवलेलं आहे. म्हणजे समाज ज्या बायकांना मैफलीबाहेर ओळख द्यायला तयार नव्हता, त्यांच्याच चेहऱ्यांवरून देव्हाऱ्यातल्या देवींचे चेहरे बेतले गेले. मला ही गोष्ट अस्वस्थ करते. ती सांगितल्याशिवाय या चित्राचं कौतुक करू नये असं मला वाटतं.

मैसूरच्या अकरा बायकांच्या चित्राबद्दलही एक मत नोंदवतो. कपडे, दागिने, वेगवेगळ्या प्रांतांची ठेवण यांवर त्यात अफाट मेहनत आहे, पण मैफल चालू आहे असं मला त्यात जाणवत नाही. एकमेकींचं ऐकताहेत असं वाटत नाही. फोटोसाठी बसवल्यासारख्या दिसतात. आपल्या गावात एकादशीला बायकांचं भजनी मंडळ बसतं तेव्हा पेटीवाली तबल्याकडे बघते, खंजिरीवाली पेटीवालीच्या तोंडाकडे, टाळ सगळ्यांच्या मागे. हे बघणं या चित्रात नाही. एकट्या बाईच्या चित्रांत मात्र ते उणेपण भासत नाही, तिथे ती आणि तिचं वाद्य दोघंच असतात.

दगडावरची सरस्वती

तैलचित्र एकच असतं, एका भिंतीवर असतं. त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना सुचवलं की चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्या, मागणी मोठी आहे. पुढे 1894 मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला. त्यानंतर 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. धंदा काही रविवर्म्यांना जमला नाही, कर्ज झालं, आणि थोड्याच वर्षांत तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. रविवर्मा 1906 मध्ये वारले. छापखाना पुढे कित्येक वर्षं चालला, 1972 मध्ये तिथे मोठी आग लागली.

छपाई दगडावरची. जर्मनीतल्या बव्हेरियाचा गुळगुळीत चुनखडी दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, मग दगड पाण्याने ओला करायचा. तेलकट जागेवर पाणी बसत नाही, बाकी सगळीकडे बसतं. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूच्या जागी लागते, ओल्या जागी नाही. वर कागद दाबला की छाप उठला. हा झाला एक रंग. पिवळ्यासाठी एक दगड, गुलाबीसाठी दुसरा, निळ्यासाठी तिसरा, असं करत एका चित्राला दहा-बारा किंवा त्याहून जास्त दगड लागत. प्रत्येक वेळी तोच कागद अगदी त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर ओठांचा रंग हनुवटीवर जातो. मूळ चित्र बघून प्रत्येक रंग वेगळा काढून दगडावर बारीक ठिपक्यांनी उतरवणारे कारागीर चित्रकाराइतकेच तयारीचे असणार. त्यांची नावं चित्राखाली आली नाहीत.

आणि ती शाई? तिच्यात रंगाची भुकटी धरून ठेवायला उकळून घट्ट केलेलं जवसाचंच तेल.

छापून झाल्यावर कागदावर वॉर्निश देत, कधी कापडाची वीण उठवलेला दाब देत, म्हणजे लांबून ते तैलचित्रच वाटे. याला ओलिओग्राफ म्हणतात. थोड्या पैशांत मिळणारं हे चित्र बाजारातून, जत्रेतून, आगगाडीच्या वाटेने खेड्यापर्यंत गेलं. ज्यांना तेव्हा देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी आणि सरस्वती आल्या. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची आपली रीत होतीच. तिच्या शेजारी आता चेहरा असलेली सरस्वती आली.

तुमच्या भिंतीवरचं कोणतं?

साधं भिंग घ्या. चित्रावर ठरावीक जाळीत बसलेले निळे, लाल, पिवळे, काळे ठिपके दिसले तर ते आजकालचं ऑफसेट छपाईचं चित्र. काकूंच्या खोलीतलं तसंच निघालं. ठिपके आहेत पण अनियमित, दाणेदार, आणि रंग चारपेक्षा जास्त वाटतात, तर ते दगडी छपाईचं असू शकतं. अशा चित्राच्या खालच्या कडेला कधी कधी रविवर्मा प्रेसचं नाव छापलेलं असतं. फ्रेमच्या पट्टीखाली झाकलं गेलेलं असेल. कापडाची वीण दिसत असेल तर नीट बघा: ती चेहऱ्यावर, आकाशात, साडीवर अगदी सारखी असेल तर ती यंत्राच्या दाबाची. खऱ्या तैलचित्रात ब्रशचे ओरखडे वस्तूप्रमाणे वळतात आणि जाड रंग कापडाची वीण बुजवतो. बाजूने टॉर्च मारली की हा फरक लगेच कळतो.

घरात किंवा शाळेत जुनं दगडी छपाईचं चित्र निघालं तर त्याला ओलं फडकं लावू नका. वॉर्निशच्या भेगांतून पाणी कागदात शिरतं आणि डाग कायमचा राहतो. मऊ कोरड्या ब्रशने काचेवरची आणि फ्रेमवरची धूळ काढा, एवढंच. लॅमिनेशन करू नका. ते परत निघत नाही. समईचा धूर आणि उदबत्ती थोडी लांब ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि जुलैत भिंती पाझरतात. अशा वेळी चित्र बाहेरच्या भिंतीवर न लावता आतल्या भिंतीवर, खिडकीचं ऊन थेट पडणार नाही असं लावा, आणि फ्रेम भिंतीला अगदी टेकू न देता मागे बुचाचे छोटे तुकडे लावून हवा खेळेल एवढी फट ठेवा. जुन्या फ्रेमच्या मागे प्लायवूड किंवा खोक्याचा पुठ्ठा असतो, तो कागदाला हळूहळू तपकिरी करतो. फ्रेमवाल्याकडून आम्लरहित पुठ्ठा मागून तो बदलून घेता येतो. जुना पुठ्ठा फेकण्याआधी त्याच्या मागे दुकानाचा शिक्का, गावाचं नाव, साल असं काही लिहिलेलं आहे का ते बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. असलं काही लिहिलेलं सापडलं तर चित्र कोणत्या वाटेने गावात आलं, याचा बऱ्याचदा तेवढाच पुरावा असतो.